ट्रकचा विमा: हप्ता कसा ठरतो, कागद कोणते लागतात आणि क्लेम कुठे अडतो

वणी, मारेगाव, पांढरकवडा या पट्ट्यात ट्रक क्वचितच कोणाच्या शिल्लक पैशातून उभा राहतो. शेताचा तुकडा विकून किंवा गहाण टाकून डाउन पेमेंट भरलेलं असतं, बाकी सगळं फायनान्सवाल्याचं. वर्षभर कोळसा आणि सिमेंट, हंगामात रुईच्या गाठी, सरकी, सोयाबीन, तूर. अशा घरात विम्याची तारीख जवळ आली की एजंटला एकच प्रश्न जातो, "भाऊ, कमीत कमी कितीत बसते?"

मीही कितीतरी वर्षं हेच विचारत होतो. पुढे आमच्या काकांच्या बाबतीत जे घडलं त्यानंतर पॉलिसीचा कागद ओळ न् ओळ वाचायला लागलो. काकांनी त्यांची जुनी सहाचाकी शंभराच्या स्टॅम्पवर विकली होती. आरसीवर नाव त्यांचंच राहिलं. घेणाऱ्याने विमा भरला नाही आणि दीड वर्षाने त्या गाडीखाली एक माणूस गेला. समन्स काकांच्या घरी आलं. "मी तं गाडी इकली, मंग मले समन्स कायले?" हे ते वर्षभर प्रत्येकाला विचारत राहिले. त्याचं उत्तर पुढे येईल.

आधी एक गोष्ट सांगतो, म्हणजे बाकीचं समजायला सोपं जाईल. हप्त्याचा मोठा भाग सरकारने ठरवलेला असतो, तिथे घासाघीस चालत नाही. उरलेल्या भागात घासाघीस करून तीन-चार हजार वाचवता येतात, पण ते बहुतेक वेळा असं काहीतरी कापून वाचवलेले असतात जे अपघाताच्या दिवशी लागतं. आणि पॉलिसी चालू असूनही मालकाच्या अंगावर पैसे येतात, त्यामागे लायसन्स, परमिट, पासिंग, आरसी किंवा गाडीत बसलेली माणसं यांपैकी काहीतरी निघतं.

पहिलं काम: आरसी समोर ठेवा

आरसीवर गाडीचं रिकामं वजन आणि मालासकट एकूण वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यू, दोन्ही लिहिलेलं असतं. मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी हप्ता, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं होणारं नुकसान भरणारा भाग, याच एकूण वजनावर ठरतो. चाकं किती, मॉडेल कोणतं याला तिथे महत्त्व नाही. पॉलिसी हातात आली की चेसिस नंबर, इंजिन नंबर, मालकाचं नाव, एकूण वजन आणि फायनान्स कंपनीचं नाव आरसीशी एकेक करून जुळवा. एक आकडा चुकला असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्ती करून घ्या. अपघातानंतर दुरुस्ती मागितली की सगळे संशयाने बघतात.

दुसरं, गाडी पब्लिक कॅरियर आहे की प्रायव्हेट कॅरियर, हे बघा. दुसऱ्याचा माल भाड्याने वाहायचा असेल तर पब्लिक कॅरियर. फक्त स्वतःचा माल वाहणारी प्रायव्हेट कॅरियर, तिचा हप्ता कमी असतो. आपल्याकडे एखादा शेतकरी किंवा दुकानदार घरच्या मालासाठी म्हणून पिकअप घेतो, प्रायव्हेटचा विमा काढतो आणि कापसाच्या हंगामात गावातल्या चौघांचा कापूस क्विंटलमागे भाडं घेऊन जिनिंगवर नेतो. त्या फेरीत अपघात झाला तर विमा कंपनी म्हणणार की गाडीचा वापर पॉलिसीच्या बाहेर झाला. ट्रॅक्टर-ट्रॉलीचंही तेच. शेतीचा म्हणून विमा काढलेला ट्रॅक्टर भाड्याने रेती-गिट्टी वाहू लागला तर तो शेतीचा राहत नाही. शिवाय ट्रॉलीचा विमा ट्रॅक्टरच्या विम्यात आपोआप येत नाही, ती वेगळी नोंदवून तिचा हप्ता भरावा लागतो.

थर्ड पार्टी: सक्तीची आणि सगळ्यांना सारखी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. पकडली गेली तर कलम १९६ खाली पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुढच्या वेळी दंड ४,००० रुपये. दंडाची रक्कम छोटी वाटते म्हणून लोक धोका पत्करतात. खरा धोका काय आहे ते लगेच खाली मांडतो, पण आधी दर.

१ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात पब्लिक कॅरियर मालवाहू गाडीचा, तीनचाकी सोडून, वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता असा आहे:

७,५०० किलोपर्यंत: १६,०४९ रुपये
७,५०० च्या वर १२,००० किलोपर्यंत: २७,१८६ रुपये
१२,००० च्या वर २०,००० किलोपर्यंत: ३५,३१३ रुपये
२०,००० च्या वर ४०,००० किलोपर्यंत: ४३,९५० रुपये
४०,००० किलोच्या वर: ४४,२४२ रुपये

छोटा हत्ती आणि पिकअप पहिल्या ओळीत, साडेअठरा टनांची सहाचाकी तिसऱ्या ओळीत, अठ्ठावीस टनांची दहाचाकी चौथ्या ओळीत. हे दर केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवतं, त्यामुळे सरकारी कंपनी घ्या की खासगी, रक्कम तीच. नूतनीकरणाच्या वेळी चालू अधिसूचना एकदा बघून घ्या. यावर जीएसटी लागतो. मालवाहू गाडीच्या थर्ड पार्टी हप्त्यावर तो आधी १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. एजंटने अजून १२ लावले असतील तर पावती परत करा.

या हप्त्यात काय येतं? आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचा मृत्यू झाला किंवा कोणी जखमी झालं तर भरपाईला वरची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान ७.५ लाखांपर्यंत. आपल्या गाडीचं एक रुपयाचंही नुकसान यात येत नाही.

आता धोक्याचा हिशेब. महिना १२,००० रुपये कमावणारा, २८ वर्षांचा, घरी चार-पाच माणसं अवलंबून असलेला मजूर अपघातात गेला, तर दावा न्यायाधिकरण साधारण असं मोजतं. वर्षाची कमाई १,४४,०००. वय चाळिशीच्या आत म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवून २,०१,६००. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करून १,५१,२००. या वयाला गुणक १७. म्हणजे २५,७०,४०० रुपये, त्यावर अंत्यविधी, कुटुंबाचा आधार गेल्याची रक्कम आणि दावा दाखल झाल्यापासूनचं व्याज वेगळं. विमा नसेल तर हा आकडा आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्या डोक्यावर. वसुली घरापर्यंत आणि शेतापर्यंत येते. विमा नसलेली गाडी पोलिसांकडून सोडवतानाही कोर्ट आधी तारण मागू शकतं. ३५,३१३ रुपये जास्त वाटले की मी हा आकडा डोळ्यासमोर आणतो.

फस्ट पार्टी: इथे डोळे उघडे ठेवा

ज्याला सगळे फस्ट पार्टी म्हणतात त्यात आपल्या गाडीचं नुकसानही येतं: अपघात, आग, चोरी, पूर, वीज, दंगल. फायनान्स असेल तर कर्ज फिटेपर्यंत ही घ्यावीच लागते, कारण करारातच तसं लिहिलेलं असतं.

हप्ता गाडीच्या आयडीव्हीवर बसतो. आयडीव्ही म्हणजे गाडी पूर्ण गेली तर मिळणारी रक्कम. नव्या किमतीतून वयाप्रमाणे घट होते: सहा महिने ते एक वर्ष १५ टक्के, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४०, पाचव्या वर्षी ५०. पाच वर्षांनंतर मालक आणि कंपनीने मिळून ठरवायची. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात, आणि ती रक्कम आधी फायनान्सवाल्याकडे जाते.

एक नमुना हिशेब देतो. २८,००० किलोची दहाचाकी, आयडीव्ही २० लाख. आपल्या भागासाठी जुन्या टॅरिफचा, म्हणजे दरपत्रकाचा, दर साधारण पावणेदोन टक्के, म्हणजे ३५,०००. बारा टनांच्या वर दर शंभर किलोला २७ रुपये, सोळा टनांचे ४,३२०. बेरीज ३९,३२०. खाली सांगतो ते आयएमटी २३ जोडलं की १५ टक्के वाढून ४५,२१८. कंपनी यावर सूट देते. ती कंपनीगणिक, गाडीच्या वयागणिक वेगळी असते, इथे ५० टक्के धरू: २२,६०९. एक वर्ष क्लेम नाही म्हणून एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याची सवलत, २० टक्के: १८,०८७. यावर जीएसटी १८ टक्के: २१,३४३. थर्ड पार्टीचे जीएसटीसह ४६,१४८. एकूण साधारण ६७,५०० रुपये, त्यातले दोन तृतीयांशांहून जास्त थर्ड पार्टीचे. एजंट जी काही सूट देतो ती उरलेल्या एकवीस हजारांतच.

ती सूट कशी दिली जाते बघा. आयडीव्ही २० ऐवजी १६ लाख लिहिली की वरच्याच हिशेबाने हप्ता सुमारे ३,८०० रुपयांनी उतरतो. गाडी जळाली किंवा दरीत गेली तर ४ लाख कमी मिळतात, आणि फायनान्सचं बाकी मिळालेल्या रकमेहून जास्त असेल तर गाडी नसतानाही कर्जाचे हप्ते भरत राहायचे. म्हणून दोन कंपन्यांचे दर विचारताना आयडीव्ही एकच सांगा, नाहीतर तुलनेला अर्थ उरत नाही.

दुसरी काटछाट आयएमटी २३ची. मालवाहू गाडीच्या साध्या फस्ट पार्टीत दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बोनेट, साइडचे भाग, बंपर आणि रंगकाम येतच नाही, गाडी पूर्ण गेली तर गोष्ट वेगळी. समोरासमोरच्या टकरीत आधी तुटतं ते नेमकं हेच. मला हे गॅरेजमध्ये उभं राहिल्यावर कळलं. "भाऊ, फस्ट पार्टी आहे, सगळं येते," असं ऐकून मी निर्धास्त होतो. बंपर, बोनेट आणि दोन्ही हेडलाइट खिशातून भरले. हे भाग हवे असतील तर पॉलिसीच्या एंडॉर्समेंटच्या, म्हणजे जोडलेल्या जास्तीच्या अटींच्या, ओळीत आयएमटी २३ लिहिलेलं असायला हवं. तरीही या भागांच्या खर्चाचा निम्मा वाटा आपल्यालाच उचलावा लागतो, पण निम्मा तरी वाचतो.

तिसरी गोष्ट घसाऱ्याची. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांचे ५० टक्के कापले जातात, काचेचे काही कापत नाहीत. लोखंडी भागांचं वयाप्रमाणे: दुसऱ्या वर्षी १०, तिसऱ्या वर्षी १५, चौथ्या वर्षी २५, पाचव्या वर्षी ३५, पाच ते दहा वर्षं ४०, त्यापुढे ५०. बारा वर्षं जुन्या गाडीला फस्ट पार्टी घेऊन सव्वा लाखाच्या दुरुस्तीत किती हातात येईल, हे यावरून आधीच मोजता येतं. माझं मत असं: कर्ज फिटलेल्या, दहा वर्षांपुढच्या गाडीला थर्ड पार्टी आणि जमल्यास आग-चोरीचं कव्हर पुरे. वाचलेले पैसे वेगळ्या खात्यात दुरुस्तीसाठी टाका.

एनसीबी क्लेम न करणाऱ्या वर्षांप्रमाणे २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशी चढते. एक क्लेम केला की शून्यावर. म्हणून चार-पाच हजारांच्या दुरुस्तीसाठी क्लेम टाकू नका. पॉलिसी संपून ९० दिवस गेले तरीही एनसीबी जाते. ती मालकाची असते, गाडीची नाही. जुनी गाडी घेतली तर आधीच्या मालकाची सवलत तुम्हाला मिळत नाही.

ड्रायव्हर, क्लिनर आणि मालक स्वतः

ड्रायव्हर-क्लिनरची कायदेशीर जबाबदारी पॉलिसीत माणशी जोडून घ्या. याचे माणशी साधारण ५० रुपये लागतात. इतक्या कमी पैशात इतकं मोठं ओझं उतरवणारी दुसरी ओळ पॉलिसीत नाही. महिना १५,००० मजुरी धरून ३० वर्षांच्या ड्रायव्हरच्या मृत्यूची भरपाई कर्मचारी नुकसानभरपाईच्या सूत्राने सुमारे १५ लाख ६० हजार होते. गाडीसोबत कायम हमाल जात असतील तर त्यांचीही संख्या लिहून हप्ता भरा. "दोन माणसं" लिहून चार माणसं नेली तर उरलेल्या दोघांचं काय, हा प्रश्न त्यांच्या घरच्यांच्या तोंडावर उभा राहतो. ही आपल्याच गावची माणसं असतात, त्यांच्यासमोर पुढची वीस वर्षं राहायचं असतं.

मालकाचा वैयक्तिक अपघात विमा १५ लाखांचा असतो. आरसी स्वतःच्या नावावर आणि स्वतःकडे चालू लायसन्स असेल तर तो सक्तीचा. एकाच माणसाच्या तीन गाड्या असतील तर तो एकदाच पुरे, प्रत्येक पॉलिसीत पैसे भरू नका.

गाडीत कोण बसलंय

विदर्भातल्या मालकांना सगळ्यात जास्त इथेच फटका बसतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मालवाहू गाडीत भाडं देऊन किंवा फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हे स्पष्ट केलं. कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीपासून फक्त मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस, मालासोबत जात असताना, विम्यात धरला जातो. आणि तोही केबिनमध्ये बसलेला हवा, मालाच्या ढिगावर नाही.

आता आपल्याकडची चित्रं आठवा. वेचणीला पिकअपमध्ये उभ्याने कोंबलेल्या पंधरा-वीस बाया. लग्नाचं वऱ्हाड घेऊन निघालेली सहाचाकी. यात्रेला जाणारी ट्रॉली. यातली गाडी उलटली तर एकेका माणसाचा दावा लाखांचा असतो आणि कंपनी हात वर करते. काही खटल्यांत कोर्ट कंपनीला म्हणतं की आधी मृताच्या घरच्यांना पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. म्हणजे घरच्यांना मिळतात, पण शेवटी मालकाचंच घर जातं. मजुरांना न्यायचं असेल तर प्रवासी परवान्याची गाडी लावा. "आपल्या गावातल्याच बाया आहे, काय होते?" असं म्हणणाऱ्याला नाही म्हणणं जड जातं हे मला माहीत आहे. तरी म्हणा. त्या बायांच्याच जिवाची गोष्ट आहे.

लायसन्स, परमिट, पासिंग, वजन

लायसन्स: ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं, लायसन्स चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पक्कं केलं. म्हणजे छोटा हत्ती आणि पिकअपचे जुने वाद संपले. सहाचाकी आणि दहाचाकीला मात्र जड वाहनाचंच लायसन्स हवं. ड्रायव्हर ठेवताना सरकारच्या परिवहन पोर्टलवर त्याचा नंबर टाकून प्रकार आणि मुदत बघा, मूळ लायसन्सचा फोटो काढून ठेवा आणि दोन-चार किलोमीटर गाडी चालवून घ्या. मालकाने एवढी काळजी घेतली असेल तर पुढे लायसन्स बनावट निघालं तरी कोर्टात मालकाची बाजू मजबूत राहते. ड्रायव्हरने परस्पर क्लिनरच्या हाती स्टिअरिंग देणं हा प्रकार रात्रीच्या फेरीत फार चालतो. त्याला कामावर ठेवतानाच ठणकावून सांगा.

परमिट: ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला लागत नाही, त्यावरच्या गाडीला साधारणपणे लागतं. विनापरमिट गाडी चालवणं हा पॉलिसीचा मूलभूत भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं आणि कंपनीला मालकाकडून वसुलीची मुभा दिली. आपल्या पट्ट्यात एक खास धोका आहे. पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागतं. फक्त महाराष्ट्राचं परमिट असलेली गाडी भाडं मिळालं म्हणून आदिलाबादकडे गेली तर त्या फेरीपुरती ती विनापरमिटच. नॅशनल परमिट काढा, नाहीतर ते भाडं सोडा.

पासिंग, म्हणजे फिटनेस: गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. पासिंग संपलं की कायद्याने गाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही. मी विम्याची आणि पासिंगची तारीख एकाच कॅलेंडरवर लाल पेनाने मांडतो.

वजन: कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर दर जास्तीच्या टनाला २,००० रुपये दंड. क्लेममध्येही फटका बसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निकालातल्या सूत्राप्रमाणे मर्यादेपेक्षा जास्त माल असेल तर मंजूर होण्याजोग्या रकमेच्या जास्तीत जास्त ७५ टक्केच मिळू शकतात. वजनकाट्याची पावती बिल्टीला जोडून ठेवा.

माल तुमच्या पॉलिसीत नाही

रुईच्या गाठी भरलेल्या गाडीला आग लागली तर फस्ट पार्टीत ट्रकचे पैसे मिळतात, गाठींचे नाहीत. मालाचा विमा वेगळा असतो. तो बहुधा व्यापारी किंवा जिनिंगवाला काढतो. पण त्याच्या कंपनीने त्याला पैसे दिले की ती कंपनी त्याच्या जागी उभी राहून ट्रकवाल्याकडे वसुलीला येऊ शकते. म्हणून मोठ्या भरणीआधी विचारा की मालाचा विमा आहे का, आणि नियमित महागडा माल वाहत असाल तर वाहतूकदाराच्या जबाबदारीचं वेगळं कव्हर घ्या.

पैसे भरताना

विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबी प्रमाणे हप्ता कंपनीकडे पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. एजंटच्या खासगी खात्यावर पाठवलेले पैसे कंपनीकडे पोचले असं धरू नका. चेक परत गेला तर पॉलिसीही जाते. कंपनीच्या नावाने थेट भरा, पॉलिसी आली की कंपनीच्या वेबसाइटवर नंबर टाकून बघा, आठवडाभरात परिवहनच्या ॲपवर गाडीसमोर विम्याची नवी तारीख दिसते का तेही तपासा. खोट्या पॉलिसीचा रंगीत कागद खऱ्यासारखाच दिसतो.

गाडी विकताना

आता काकांचं उत्तर. कायद्याच्या नजरेत आरसीवर ज्याचं नाव तो मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच सांगितलं. गाडी चार हातांतून गेली तरी भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्यावरच येते. स्टॅम्पपेपर दोघांच्या आपसातल्या भांडणात कामाला येतो, मेलेल्या माणसाच्या घरच्यांसमोर नाही.

म्हणून गाडीची चावी देण्याआधी फायनान्सची एनओसी, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या आणि आरटीओत अर्ज. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं असतं. थर्ड पार्टी विमा कलम १५७ प्रमाणे नव्या मालकाकडे जातो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग त्याने १४ दिवसांत कंपनीला कळवून नावावर करून घ्यावा लागतो. नाव बदलल्याची नोंद मोबाईलवर स्वतः बघेपर्यंत विम्याकडे लक्ष ठेवा. काकांनी दुसऱ्याच्या ताब्यातल्या गाडीची थर्ड पार्टी स्वतःच्या पैशाने भरत ठेवली असती तरी स्वस्तात सुटले असते.

अपघात झाला तर

आधी माणूस. १०८ला फोन, जखमीला दवाखान्यात पोचवणं. जमावाची भीती असेल तर ड्रायव्हरने जवळच्या ठाण्यात जावं, पण पळून घरी येऊ नये. ११२ वर कळवा.

मग फोटो: गाडी रस्त्यावर जशी आहे तशी, चाकांच्या खुणा, दुसरी गाडी, नंबर प्लेट, माल. कंपनीच्या टोल फ्री नंबरवर त्याच दिवशी कळवून क्लेम नंबर घ्या. मोठं नुकसान असेल तर स्पॉट सर्व्हे होईपर्यंत गाडी हलवू नका. पोलिसांनी हलवायला लावली तर त्याआधीचे फोटो असू द्या. टोचन करून आणण्यासाठी मूळ पॉलिसीत फार थोडी रक्कम असते. भरलेली दहाचाकी खड्ड्यातून काढायला क्रेन लागते, तिच्यासाठी जास्तीचं कव्हर नूतनीकरणाच्या वेळीच मागा. कॅशलेस गॅरेज आपल्याला जवळात जवळ चंद्रपूर, यवतमाळ किंवा नागपूरला मिळतं, त्यामुळे त्यांची यादी आधीच मोबाईलमध्ये हवी.

५०,००० रुपयांवरच्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअरची पाहणी लागते. तो बघेपर्यंत एकही नट खोलू देऊ नका. बदललेले जुने भाग त्याची शेवटची पाहणी होईपर्यंत सांभाळा. गाडी कोण चालवत होतं हे एफआयआर, दवाखान्याचा कागद आणि क्लेम फॉर्म तिन्हीकडे एकच असू द्या. लायसन्स नाही म्हणून दुसऱ्याचं नाव लावणं ही फसवणूक आहे आणि ती टोलवरच्या कॅमेऱ्यापासून फोनच्या नोंदीपर्यंत कुठेही उघडी पडते.

चोरी झाली तर लगेच एफआयआर, मग कंपनीला कळवणं, आणि दोन्ही चाव्या जपून. एफआयआर वेळेत असेल तर फक्त कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून क्लेम नाकारता येत नाही, असा २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे.

दावा न्यायाधिकरणाचं समन्स आलं की "विमा आहे, कंपनी बघेल" म्हणून घरी बसू नका. वकील द्या, पॉलिसी, लायसन्स, परमिट आणि पासिंग दाखल करा. मालक हजर नसला की कंपनीचं म्हणणं एकतर्फी मान्य होण्याची वाट मोकळी होते.

क्लेम नाकारला तर

नकार लेखी मागा, कारणासकट. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रतही मागा, तो तुमचा हक्क आहे. कंपनीच्या तक्रार कक्षाकडे अर्ज करा, सोबत इर्डाच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंद करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. विदर्भ पुण्याच्या कार्यालयाखाली येतो. अर्ज ऑनलाइन करता येतो, फी नाही, पण कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो.

दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची, मुदत दोन वर्षं. एक-दोन गाड्यांवर पोट भरणारा मालक व्यावसायिक आहे म्हणून ग्राहक नाही, असं कंपनीचा वकील म्हणू शकतो. स्वतःच्या उपजीविकेसाठी केलेला धंदा कायद्याने त्यातून वगळला आहे, हे अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहा. आणि २०१९ च्या कायद्यापासून तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, त्यामुळे कंपनीचं ऑफिस मुंबईत असलं तरी वणीच्या माणसाची तक्रार यवतमाळलाच दाखल होते.